बेसबॉलमधला 'रीबिल्ड' कसा वाचायचा : नव्या चाहत्यांसाठी

शिकागो, न्यू जर्सी किंवा शार्लटला नव्याने आलेल्या मराठी माणसाला बेसबॉलचा खेळ समजायला फार वेळ लागत नाही. आपण क्रिकेटवर वाढलेले. चेंडू, बॅट, झेल, धाव हे सगळं ओळखीचं. घोडं अडतं ते मैदानाबाहेरच्या गप्पांत. ऑफिसातला सहकारी सांगतो की आमच्या टीमने सगळ्यात चांगला पिचर दुसऱ्यांना देऊन टाकला, बदल्यात विशीतली चार पोरं घेतली, आणि हे सांगताना तो खुशीत असतो. पलीकडच्या टेबलावरचा दुसरा त्याच बातमीवरून भडकलेला असतो. दोघेही एकाच टीमचे. हा वाद कशावरून चालतो आणि त्यात आपण समजून-उमजून कसं उतरायचं, ते इथे पायरीपायरीने सांगतो.

उदाहरण एकच धरतो : शिकागो व्हाइट सॉक्स. शहराच्या दक्षिण भागातली, ३५व्या रस्त्यावरची टीम. २००५ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम विजेतेपदाची मालिका, जिंकलेली. २०१६च्या डिसेंबरपासून या टीमने एक रीबिल्ड (म्हणजे आजचे स्टार देऊन तरुण पोरांवर नवी टीम उभारणं) सुरुवातीपासून शेवटपर्यंत केला, तो फसला, आणि मग दुसरा सुरू केला. शिकण्यासाठी याहून चांगलं प्रकरण मला माहीत नाही.

पायरी १ : आधी घड्याळ समजून घ्या

आयपीएलमध्ये दर काही वर्षांनी मोठा लिलाव होतो आणि सगळ्या टीम नव्याने पत्ते पिसतात. मेजर लीगमध्ये, म्हणजे इथल्या बेसबॉलच्या सर्वोच्च लीगमध्ये, असा लिलाव नाही. इथे खेळाडू एकदा मेजर लीगमध्ये आला की साधारण सहा वर्षं त्याच टीमच्या ताब्यात राहतो. पहिली तीन वर्षं बहुतेकांना किमान पगाराच्या आसपास मिळतं (२०२५मध्ये किमान पगार ७ लाख ६० हजार डॉलर होता). पुढची तीन वर्षं आर्बिट्रेशनची, म्हणजे पगारावर एकमत झालं नाही तर लवादापुढे जाता येतं. सहा वर्षं भरली की खेळाडू फ्री एजंट. मग तो हवं तिथे जायला मोकळा.

सीझनमध्ये १७२ दिवस मेजर लीगच्या रोस्टरवर (टीमच्या खेळाडूंच्या यादीत) काढले की ते एक पूर्ण वर्ष धरतात. या आकड्यावरून किती रामायण होतं, त्याचा नमुना याच शहरातला आहे, फक्त टीम उत्तरेची. २०१५मध्ये शिकागो कब्जने क्रिस ब्रायंटला सीझन सुरू झाल्यावर, १७ एप्रिलला वर आणलं. वर्षाअखेर त्याचे १७१ दिवस भरले. एका दिवसाने त्याचं फ्री एजंट होणं वर्षभर पुढे गेलं. त्याने तक्रार केली, प्रकरण लवादाकडे गेलं आणि २०२०मध्ये निकाल त्याच्याविरुद्ध लागला. म्हणून एप्रिल महिन्यात कुणी 'अमक्याला अजून वर का आणत नाहीत?' असं विचारलं, तर तो प्रश्न निम्मा खेळाचा आणि निम्मा या घड्याळाचा असतो. २०२२च्या करारात यावर थोडा उतारा आला : अव्वल प्रॉस्पेक्टला (खालच्या, म्हणजे मायनर लीगमधून वर येणाऱ्या होतकरू खेळाडूला) पहिल्या दिवसापासून खेळवलं आणि तो 'रूकी ऑफ द इयर' ठरला, तर टीमला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, जादा निवड मिळू शकते. दुसरा मार्ग आधीच करार करून टाकण्याचा. व्हाइट सॉक्सने एलॉय हिमेनेझशी मार्च २०१९मध्ये, तो मेजर लीगमध्ये एकही मॅच खेळला नसताना, सहा वर्षांचा ४ कोटी ३० लाख डॉलरचा करार केला आणि त्याला थेट पहिल्या दिवशी उतरवलं.

हे घड्याळ डोक्यात बसलं की चांगला खेळाडू का देऊन टाकतात ते आपोआप कळतं. टीम जिंकण्यालायक व्हायला चार वर्षं लागणार असतील आणि हातातला स्टार तीन वर्षांनी जाणार असेल, तर त्याची किंमत आज सर्वांत जास्त आहे. दर महिन्याला ती उतरत जाते.

पायरी २ : प्रत्येक ट्रेडचे दोन रकाने लिहा

एक वही घ्या, किंवा फोनमध्ये टिपून ठेवा. डावीकडे गेलेले खेळाडू : वय, ताब्याची किती वर्षं उरली, पगार. उजवीकडे आलेले : वय, मायनर लीगच्या कुठल्या पातळीवर आहेत, पुढे किती वर्षं मिळतील. नावाची प्रसिद्धी कुठेच लिहायची नाही.

६ डिसेंबर २०१६ला व्हाइट सॉक्सने क्रिस सेल हा आपला हुकमी पिचर बॉस्टनला दिला. डावीकडे लिहा : तीन वर्षं शिल्लक, त्याच्या दर्जाच्या मानाने पगार फारच कमी. उजवीकडे : योआन मोंकाडा, मायकल कोपेक आणि आणखी दोघे. दुसऱ्याच दिवशी आउटफिल्डर ॲडम ईटन वॉशिंग्टनला गेला. डावीकडे पाच वर्षं, उजवीकडे लुकास जिओलिटो, रेनाल्डो लोपेझ आणि डेन डनिंग हे तीन पिचर. जुलै २०१७मध्ये होजे किंताना शहरातल्या शहरात कब्जकडे गेला आणि एलॉय हिमेनेझ, डिलन सीस व आणखी दोन खेळाडू आले.

आता पुढे काय झालं ते भरा. सेल असताना बॉस्टनने २०१८ची वर्ल्ड सिरीज जिंकली आणि शेवटचा बळी सेलनेच घेतला. ईटनचा गुडघा पहिल्याच एप्रिलमध्ये दुखावला, पण २०१९मध्ये वॉशिंग्टन जिंकलं तेव्हा तो त्या टीममध्ये खेळत होता. इकडे सीस २०२२मध्ये अमेरिकन लीगच्या साय यंग (सर्वोत्तम पिचरच्या) पुरस्कारात दुसरा आला. म्हणजे दोन्ही बाजूंना हवं ते मिळू शकतं. 'कोण जिंकलं?' या प्रश्नाआधी 'कुणाला काय हवं होतं?' हे विचारण्याची सवय लावून घ्या. निम्मे वाद तिथेच मिटतात.

रकाने बंद करायची घाई नको, कारण ट्रेडची वंशावळ पुढे चालू राहते. ईटनच्या बदल्यात आलेले जिओलिटो आणि लोपेझ जुलै २०२३मध्ये एंजल्सकडे गेले आणि त्यांच्या बदल्यात एडगर केरो हा कॅचर व काय बुश हा पिचर आले. केरो २०२५मध्ये व्हाइट सॉक्सकडून मेजर लीगमध्ये खेळू लागला. २०१६चा एक निर्णय २०२५च्या टीममध्ये असा जिवंत सापडतो.

उलट्या दिशेचा ट्रेडही वहीत असू द्या. जून २०१६मध्ये, रीबिल्डचा निर्णय व्हायच्या काही महिने आधी, टीमला वाटत होतं की आपण शर्यतीत आहोत. ३४ वर्षांचा पिचर जेम्स शील्ड्स सॅन दिएगोकडून आणला. बदल्यात दिलेल्या दोघांपैकी एक १७ वर्षांचा, व्यावसायिक मॅच अजून न खेळलेला मुलगा होता : फर्नांडो ततीस ज्युनियर. पुढे तो खेळातल्या मोठ्या स्टारपैकी एक झाला. आपण शर्यतीत आहोत की नाही, याचा अंदाज चुकला की किंमत अशी मोजावी लागते. चाहत्याने जुलै महिन्यात सगळ्यात कठोरपणे विचारायचा प्रश्न हाच.

पायरी ३ : प्रॉस्पेक्ट बघायला शिका

मायनर लीगमध्ये सराव-संकुलातल्या रूकी पातळीच्या वर चार पायऱ्या आहेत : सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. व्हाइट सॉक्सच्या या टीम अनुक्रमे कॅनापोलिस, विन्स्टन-सेलम, बर्मिंगहॅम आणि शार्लट इथे आहेत. शार्लटच्या परिसरात राहणाऱ्यांना यातल्या तीन टीम गाडीने सहज गाठता येतात, हे नशीबच म्हणायचं. शिकागोकरांना जवळ पडतं ते साउथ बेंड. तिथे कब्जची हाय-ए टीम खेळते.

आकडे वाचताना पातळीच्या मानाने वय आधी बघा. डबल-एमध्ये २० वर्षांचा मुलगा बेताचं खेळत असेल तरी ती आशेची गोष्ट असते. तिथेच २५ वर्षांचा चमकत असेल तर थांबून विचार करायचा. डबल-ए ही खरी चाळणी मानतात, कारण तिथल्या पिचरना दोन-तीन प्रकारचे चेंडू हव्या त्या जागी टाकता येतात. बॅटिंग सरासरीपेक्षा बॅटर किती वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) होतो आणि किती वेळा वॉक (चार चुकीचे चेंडू, म्हणजे 'बॉल' पडल्यावर फुकट फर्स्ट बेस) मिळवतो, हे जास्त सांगून जातं. पिचरचंही तेच. स्काउट मंडळी प्रत्येक कौशल्याला २० ते ८० या मापावर गुण देतात. ५० म्हणजे मेजर लीगमधला सर्वसाधारण दर्जा, ६० म्हणजे उत्तम. आपल्या शाळेच्या हिशेबात ५० कमी वाटतात, पण विशीतल्या पोराला ५० मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

जमलं तर मायनर लीगची मॅच प्रत्यक्ष बघा; तिकिटं मेजर लीगच्या मानाने स्वस्त असतात आणि होम प्लेटच्या मागे जागा मिळते. स्कोअरबोर्डकडे बघू नका. कॅचर बसला की त्याचा ग्लोव्ह कुठे स्थिर होतो ते बघा आणि चेंडू आल्यावर तो ग्लोव्ह किती हलला ते बघा. बाहेरच्या कडेला धरलेला ग्लोव्ह दरवेळी आत खेचावा लागत असेल, तर ताशी ९८ मैलांच्या वेगालाही अजून बरीच मजल मारायची आहे. मग पिचर मागे पडल्यावर, म्हणजे दोन बॉल आणि शून्य किंवा एक स्ट्राइक असताना, काय टाकतो ते टिपा. त्या क्षणी चेंजअप (फसवा, संथ चेंडू) टाकायची हिंमत असलेला मुलगा वरच्या पातळीवर टिकायची शक्यता जास्त. बॅटरच्या बाबतीत दोन स्ट्राइक झाल्यावर बाहेर, खाली पडणाऱ्या स्लायडरला तो बॅट घालतो की आवरतो, एवढंच तीन-चार वेळा पाहिलंत तरी त्याच्याबद्दल बोलायला तुमच्याकडे स्वतःचं काहीतरी असेल.

आणि धीर धरा. २०१८मध्ये जिओलिटोचा ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडलेल्या धावा) ६.१३ होता, पुरेशा इनिंग टाकलेल्या पिचरमध्ये तो सगळ्यांत वाईट होता. 'ईटन फुकट घालवला' असं तेव्हा कुणीही म्हटलं असतं. त्या हिवाळ्यात त्याने हात मागे नेण्याची कमान आखूड केली. २०१९मध्ये तो ऑल-स्टार झाला आणि २५ ऑगस्ट २०२०ला त्याने पिट्सबर्गविरुद्ध नो-हिटर (एकही हिट न देता पूर्ण मॅच) टाकला. अलीकडचं उदाहरण कोल्सन माँटगोमेरीचं. २०२१च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत घेतलेला हा शॉर्टस्टॉप २०२५च्या एप्रिलमध्ये ट्रिपल-एला इतका चाचपडत होता, की त्याला काही काळ मॅचमधून काढून स्विंग सुधारायला ॲरिझोनाच्या संकुलात पाठवलं. ४ जुलैला तो मेजर लीगमध्ये आला आणि ७१ मॅचमध्ये २१ होमरन मारून मोकळा झाला.

पायरी ४ : रोस्टरची गणितं

खेळणारे २६ आणि त्यांच्यासकट राखीव यादीत ४० : हे दोन आकडे पाठ करा. सप्टेंबरमध्ये २६चे २८ होतात. ४०च्या यादीतल्या खेळाडूला मायनर लीगमध्ये पाठवण्याचा हक्क म्हणजे ऑप्शन, आणि तो साधारण तीन सीझन वापरता येतो. ऑप्शन संपलेल्या खेळाडूला खाली पाठवायचं तर आधी इतर टीमना त्याला उचलायची संधी द्यावी लागते. म्हणूनच मार्चअखेर कधीकधी सरस पोरगा शार्लटला जातो आणि बेताचा खेळाडू वर राहतो. ४०च्या यादीतून कुणाला काढलं की 'डीएफए' (डेझिग्नेटेड फॉर असाइनमेंट) असा शब्द कानावर पडेल. त्यानंतर टीमकडे सात दिवस असतात : ट्रेड करा, वेव्हरवर टाका (म्हणजे इतर टीमना उचलायची संधी द्या) किंवा सोडून द्या. वेव्हरवर आलेला खेळाडू उचलण्याचा पहिला मान तळाच्या टीमला मिळतो. हरणाऱ्या टीमने हा मान सतत वापरायला हवा.

यातला सगळ्यात रोचक भाग रूल ५ ड्राफ्ट. चार-पाच वर्षं मायनर लीगमध्ये काढूनही ज्याला ४०च्या यादीत घेतलं नाही, त्याला डिसेंबरमध्ये दुसरी टीम १ लाख डॉलर देऊन उचलू शकते. अट एकच : पुढचा पूर्ण सीझन त्याला मेजर लीगच्या रोस्टरवर ठेवायचं, नाहीतर मूळ टीमला परत द्यायची तयारी ठेवायची. जिंकायला निघालेल्या टीमला ही जागा अडवणं परवडत नाही. रीबिल्डमधल्या टीमला परवडतं. डिसेंबर २०२४मध्ये व्हाइट सॉक्सने पहिल्याच क्रमांकावर मिलवॉकीचा शेन स्मिथ घेतला. कॉलेजनंतर त्याला ड्राफ्टमध्ये कुणीही निवडलं नव्हतं. २०२५मध्ये तो ऑल-स्टार झाला. हरण्याच्या काळातली हीच खरी मिळकत : दुसऱ्या कुणाकडे नसलेली जागा आणि वेळ. ती जागा तिशी ओलांडलेल्या, वर्षभरात निघून जाणाऱ्या खेळाडूला दिलेली दिसली, की चाहत्यांनी जाब विचारलाच पाहिजे.

पायरी ५ : पहिला रीबिल्ड का फसला, ते नीट बघा

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. २०१८मध्ये व्हाइट सॉक्स १०० मॅच हरले. २०२०मध्ये प्लेऑफला (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांना) गेले, २०२१मध्ये ९३ मॅच जिंकून गटात पहिले आले. आणि तिथेच थांबले. २०२०मध्ये ओकलंडने हरवलं, २०२१मध्ये ह्यूस्टनने. एकही प्लेऑफ सिरीज जिंकता आली नाही. २०२२मध्ये ८१ विजय, ८१ पराभव. २०२३मध्ये १०१ पराभव, आणि ऑगस्टमध्ये टीमचा कारभार पाहणाऱ्या केन विल्यम्स व रिक हान या दोघांना काढलं. क्रिस गेट्झकडे सूत्रं आली. २०२४मध्ये सलग २१ पराभवांची माळ लागली आणि शेवटी ४१ विजय, १२१ पराभव. १९६२च्या न्यूयॉर्क मेट्सचा १२० पराभवांचा आधुनिक काळातला विक्रम मोडला.

ट्रेड तर चांगले होते. मग घोटाळा कुठे झाला? एक प्रसंग जवळून बघा. मार्च २०२१मध्ये सरावाच्या मॅचमध्ये होमरन अडवायला हिमेनेझ कुंपणावर झेपावला आणि त्याच्या छातीचा स्नायू फाटला. लेफ्ट फील्डला त्याच्या जागी आला अँड्र्यू वॉन : २०१९च्या ड्राफ्टमधली तिसरी निवड, पण फर्स्ट बेसमन. हाय-एच्या वर त्याने मॅच खेळलेली नव्हती, कारण २०२०चा मायनर लीग सीझन रद्द झाला होता. नवी जागा आणि नवी पातळी, दोन्ही एकदम त्याच्या गळ्यात पडल्या. संस्थेत तिसरा-चौथा पर्याय तयार नव्हता, आणि बाहेरून मोठा आउटफिल्डर आणलेला नव्हता. वॉनची बॅट अपेक्षेइतकी कधी वाढली नाही. जून २०२५मध्ये त्याला मिलवॉकीला दिलं आणि तिथे गेल्यावर ती चालली. पैशाचंही तसंच. २०१८-१९च्या हिवाळ्यात फ्री एजंट मॅनी मचाडोसाठी बोली लावली, पण सॅन दिएगोचे ३० कोटी डॉलर जास्त ठरले.

माझं ठाम मत असं की प्रॉस्पेक्ट गोळा करणं हे निम्मंच काम आहे. उरलेलं निम्मं म्हणजे त्यांना घडवणारे प्रशिक्षक, दुखापतीनंतर भागवून नेणारी राखीव फळी, आणि वेळ आल्यावर मालकाने सैल सोडलेला हात. ह्यूस्टन २०११ ते २०१३ या तिन्ही वर्षी शंभराहून जास्त मॅच हरलं आणि २०१७मध्ये जिंकलं. कब्ज २०१२मध्ये १०१ हरले आणि २०१६मध्ये जिंकले. ही उदाहरणं देऊन कुणी 'हरत राहा, फळ मिळेल' म्हणू लागला, की त्याच्यासमोर २०१६ ते २०२४चे व्हाइट सॉक्स ठेवा. केवळ हरण्याने काही पिकत नाही.

पायरी ६ : वर्षाचं वेळापत्रक

जानेवारीत परदेशी किशोरांचे करार. जुलैमध्ये ड्राफ्ट आणि महिनाअखेरीच्या सुमारास ट्रेडची मुदत. हा सगळ्यात धामधुमीचा काळ. नोव्हेंबरमध्ये ४०च्या यादीत कुणाला वाचवायचं याचा निर्णय, डिसेंबरमध्ये विंटर मीटिंग्ज (सगळ्या टीमच्या कारभाऱ्यांची वार्षिक बैठक), ड्राफ्टची लॉटरी (म्हणजे पहिल्या काही निवडींची सोडत) आणि रूल ५. लॉटरीचा एक नियम लक्षात ठेवा : मोठ्या बाजारपेठेतल्या, महसूल वाटपात पैसे भरणाऱ्या टीमला लागोपाठ दोन वर्षं लॉटरीतली निवड मिळत नाही. १२१ मॅच हरूनही २०२५च्या ड्राफ्टमध्ये व्हाइट सॉक्सला दहावा क्रमांक मिळाला तो यामुळे. त्यावर त्यांनी बिली कार्लसन हा शाळकरी शॉर्टस्टॉप घेतला.

भारतातून बघणाऱ्यांसाठी : शिकागोत उन्हाळ्यात संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास सुरू होणारी मॅच आपल्याकडे पहाटे सव्वापाचला लागते. पहिल्या पाच इनिंग चहाबरोबर आरामात होतात.

पायरी ७ : आता स्वतः वाद घाला

सुरुवात गॅरेट क्रोशेच्या ट्रेडपासून करा, कारण तो अजून उघडा आहे. डिसेंबर २०२४मध्ये व्हाइट सॉक्सने हा डावखुरा पिचर बॉस्टनला दिला. डावा रकाना : ताब्याची दोन वर्षं शिल्लक. बॉस्टनने चारेक महिन्यांत त्याच्याशी सहा वर्षांचा १७ कोटी डॉलरचा करार केला, आणि २०२५मध्ये त्याने १८ विजय व २५५ स्ट्राइकआउट नोंदवले. कुणी म्हणेल, 'हा करार आपणच का केला नाही?' प्रश्न रास्त आहे. उत्तर देताना दोन तारखा वेगळ्या ठेवा : ट्रेडच्या दिवशी काय माहीत होतं, आणि आज काय माहीत आहे. त्या दिवशी क्रोशेच्या नावावर मॅचची सुरुवात करणारा पिचर म्हणून एकच पूर्ण सीझन होता आणि कोपराची मोठी शस्त्रक्रिया झालेली होती. टीम १२१ हरून आलेली होती.

उजवा रकाना : कॅचर काइल टील, इन्फिल्डर चेस माइड्रॉथ, पिचर विकेलमन गोन्झालेझ, आउटफिल्डर ब्रेडन माँटगोमेरी. पहिले तिघे २०२५मध्येच मेजर लीगमध्ये खेळले. टीलपुढे प्रश्न असा की केरोही कॅचरच आहे. दोघांना कसं खेळवायचं, की एकाला ट्रेडमध्ये वापरायचं? माइड्रॉथ चेंडू नीट पारखतो, पण बॅटमध्ये ताकद किती? गोन्झालेझचे वॉक आटोक्यात येतील का? माँटगोमेरी कॉलेजात असताना घोटा मोडलेला, ट्रेडच्या वेळी एकही व्यावसायिक मॅच न खेळलेला, आणि २०२५मध्ये बर्मिंगहॅमपर्यंत पोचलेला. चौघांची नावं एकाखाली एक लिहा, पुढे वय, पातळी, स्ट्राइकआउट आणि वॉक यांची घरं आखा, आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ती भरत जा.